दह्यातली गोळी

रंगाऱ्याच्या शिडीखाली पांढरी चादर अंथरावी, त्याच्याकडून छताला रंगाचे तीन हात मारून घ्यावेत आणि तीच चादर उचलून पुन्हा पलंगावर घालावी, अशी त्याची ख्याती होती. भिंती काय, कोणीही सोम्यागोम्या रंगवतो, असं तो म्हणायचा. छत रंगवायचं म्हणजे शिडीच्या पायरीवर उभं राहायचं, मान मागे टाकायची आणि हात डोक्याच्या वर धरून तासन्‌तास काढायचे. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी हा माणूस आधी वर बघायचा आणि मग यजमानांकडे. लोकांना वाटायचं, शिष्ट आहे. बायको हळूच सांगायची, "शिष्ट नाहीत हो, छतवेडे आहेत."

त्या माणसाला एके सकाळी शर्ट घालताना हात वर नेता येईना. अर्ध्या बाहीत अडकून तो पलंगाच्या कडेला बसून राहिला. बायकोने येऊन त्याला शर्टातून सोडवलं तेव्हा तो हसला. तिला हसू आलं नाही.

हे काही एका रात्रीत झालेलं नव्हतं. वर्षभरापूर्वी शिडीवरच त्याच्या छातीत कळ आली होती. इस्पितळात नेलं, हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळीची नळी बसवली, आणि घरी सोडताना गोळ्यांची ही भलीमोठी पिशवी हातात दिली. त्यात एक पांढरी लांबट गोळी होती. ती कोलेस्टेरॉल उतरवणारी, रात्री जेवणानंतर एक, जन्मभर.

"जन्मभर?" रंगारी म्हणाला होता. "म्हणजे दुसरं लग्नच की!"

तेव्हा सगळे हसले होते. बायकोही हसली होती, कारण नवरा जिवंत घरी निघाला होता आणि त्या दिवशी ती कशालाही हसली असती.

बायको वृद्धाश्रमात कामाला होती. तिथे तिला सगळे मावशी म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले आजोबासुद्धा. न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं आणि औषधं पाजणं हे तिचं काम. औषधं पाजण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ज्यांना आपण कोण हेही आठवत नाही, अशी माणसं गोळी बघितली की दातखीळ बसल्यासारखी तोंड मिटतात. मग दोन चमच्यांच्या मध्ये गोळी ठेवायची, अंगठ्याने जोर द्यायचा, पीठ झालं की सफरचंदाच्या गरात नाहीतर दह्यात मिसळायचं. कडू गोळीला वरून मध. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असायचं आणि नातेवाइकांची सही असायची, त्यामुळे त्यात चोरी अशी नव्हती. पहिला चमचा औषधाचा, दुसरा नुसता, मग तिसरा औषधाचा. नव्या बायका कामाला आल्या की सिस्टर त्यांना मावशीकडे शिकायला पाठवायच्या.

आणि औषधाबद्दल मावशीचा धाक साधासुधा नव्हता. तिचा सख्खा मोठा भाऊ असाच हृदयाचा रोगी. शेजारच्या कुण्या शहाण्याने त्याला सांगितलं की या गोळ्या म्हणजे विष, आणि दादाने सगळ्या गोळ्या केरात टाकल्या. पुढे थोड्याच दिवसांत सकाळी कामावर निघताना तो दारातच कोसळला, एका पायात बूट आणि दुसरा हातात. पायातला तो बूट हिनेच काढला होता. तेव्हापासून गोळी चुकली म्हणजे माणूस गेला, हे गणित तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि त्याला कोणाचं उत्तर चालत नव्हतं.

म्हणून रंगाऱ्याने जेव्हा पहिल्यांदा म्हटलं की, "हे दुखणं त्या पांढऱ्या गोळीचं आहे," तेव्हा ती अंगावरच गेली.

"गोळीचं? आणि चाळीस वर्षं शिड्या चढलात त्याचं नाही वाटतं?"

"अगं, शिडीचं दुखणं मला ओळखू येतं. ते रात्री झोपलं की जातं. हे झोपल्यावर येतं. मांड्या आतून पिळल्यासारख्या होतात."

"वय झालं की सगळंच पिळवटतं."

"गोळी चालू केल्यावरच बरं झालं माझं वय!"

महिनाभर हा वाद चालला. तोवर त्याचे खांदे गेले, मग मांड्या. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तो बसकण मारायला लागला. ब्रश बोटांतून निसटायला लागला. एका घरी बैठकीच्या मधोमध रंगाचा थेंब पडला तेव्हा घरमालक काही बोलला नाही, पण रंगाऱ्याने स्वतःच उरलेलं काम जोडीदाराला देऊन टाकलं. जोडीदार म्हणजे उंट. एवढा उंच की त्याला शिडी अर्धीच लागायची, म्हणून हे नाव. घरी येऊन रंगारी बायकोसमोर बसला आणि म्हणाला, "माझ्याकडून थेंब पडला." मुलगा नापास झाल्याचं सांगावं तसा त्याचा आवाज होता.

मग मात्र दोघं डॉक्टरबाईंकडे गेली. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, ऐकून घेणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं. स्नायूंचा त्रास दाखवणारा आकडा थोडा वाढलेला निघाला.

"काका, असं होतं काही जणांना," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना होत नाही, आणि ज्यांना दुखतं त्यांतही गोळी प्रत्येक वेळी कारण असतेच असं नाही. आपण खात्री करून घेऊ. ही एकच गोळी महिनाभर बंद ठेवा, बाकीच्या चालू. दुखणं ओसरलं तर ही दोषी. मग मी दुसरं काहीतरी देईन. पण मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही."

रंगाऱ्याचा चेहरा उजळला. बायकोला मात्र बाकीचं काही ऐकूच आलं नाही. तिला एवढंच ऐकू आलं की महिनाभर बंद.

घरी आल्या आल्या त्याने गोळ्यांची ती पाकिटं तिच्या हातात कोंबली. "टाकून दे ही पीडा."

तिने टाकली नाहीत. साखरेच्या डब्यामागे ठेवली.

आता इथे ती मूर्ख होती असं कोणी म्हणू नये. तिने विचार केला होता, आणि तोही आपल्या कामाच्या अनुभवावरून. आश्रमात एक आजी होत्या, त्यांना सगळे जळजळ आजी म्हणत. कुठलीही गोळी दिली की आजींच्या छातीत जळजळ, पोटात जळजळ, टाळूला जळजळ. तीच गोळी सफरचंदाच्या गरातून दिली की आजी वाटी चाटूनपुसून साफ करत आणि दुसरी मागत. मावशीने मनाशी ठरवलं की यांचंही तसंच आहे. दुखणं अंगात नाही, गोळीच्या धास्तीत आहे. गोळी बंद आहे असं वाटलं की दुखणं जाईल, आणि गोळी पोटात जात राहिली की हृदय शाबूत. म्हणजे साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

त्या रात्री जेवणानंतर तिने त्याला वाटीभर दही दिलं, वरून मध.

"हे काय नवीन?"

"ताकद यायला नको? खा."

त्याने खाल्लं आणि छान आहे म्हणाला.

पहिल्या आठवड्यात तर ती जिंकलीच. रंगारी सकाळी शीळ घालत उठला. "बघितलंस? गोळी सुटली आणि अंग हलकं झालं," असं म्हणत त्याने स्वयंपाकघरातला दिवा स्टुलावर चढून पुसला. ती पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती आणि गालातल्या गालात हसत होती. वर्ष-दीड वर्षात ती एवढी खूश झाली नव्हती. कधीतरी, सगळं सुरळीत झालं की, त्याला हे सांगायचं आणि दोघांनी मिळून हसायचं, असंही तिने ठरवून टाकलं.

दुसऱ्या आठवड्यात दुखणं परत आलं, आणि येताना व्याजासकट आलं. मांड्या, खांदे, आता पाठही. स्टुलावर चढणं सोडा, स्टुलावरून उठताना त्याला टेबल धरावं लागायला लागलं. त्याला गोळी चालू आहे हे ठाऊक नव्हतं. म्हणजे धास्तीचा प्रश्नच नव्हता. तिने जी परीक्षा मांडली होती तिचा निकाल तिच्यासमोर स्वच्छ लागला होता. दोष गोळीचाच होता. हे साऱ्या जगात एकट्या तिला माहीत होतं, आणि बरोबर याच ठिकाणी तिचं पाऊल चुकलं.

तिने थांबायला हवं होतं. रोज संध्याकाळी ती ठरवायचीही की आज नाही घालायची. मग जेवताना तो छातीवरून हात फिरवायचा, सहज, खाज आली म्हणून असेल, आणि तिच्या डोळ्यांसमोर दारात पडलेला दादा यायचा. दुखण्याने माणूस मरत नाही, असं ती स्वतःला बजावायची. उद्यापासून बंद. आणि दोन चमचे एकमेकांवर दाबायची. तिच्या अंगठ्याला त्या कामाची इतकी सवय होती की विचार पूर्ण व्हायच्या आत पीठ तयार असायचं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती.

महिना संपला. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर पाच-सहा जण होते आणि बहुतेकांची दुखणी एकाच गावची निघाली. बस चालवून निवृत्त झालेला एक गृहस्थ सांगत होता, "मला त्या गोळीने काय व्हावं? झोप! झोपच उडाली. आणि पोटऱ्यांत असे गोळे की क्लच दाबतोय असं स्वप्न पडायचं. बाईंनी बदलून दिली. आता ठणठणीत आहे मी."

"मी तर सात-आठ वर्षं घेतेय," एक जाडजूड चष्म्याच्या बाई म्हणाल्या. "मला ढिम्म काही नाही. माझ्या जावेला मात्र पहिल्याच महिन्यात जिना चढवेना. तिला वाटलं माझीच नजर लागली."

बाकावर हशा पिकला. रंगारीही हसला आणि म्हणाला, "आमचा तर मामलाच उलटा. मी महिनाभर बंद ठेवलीय आणि आता चमचासुद्धा जड लागतो."

"बंद ठेवल्यावर वाढलं?" बसवाला गंभीर झाला. "मग ते दुसरंच काहीतरी असणार हो."

मावशीच्या कानात मात्र वेगळंच वाक्य अडकून बसलं होतं. बाईंनी बदलून दिली. बदलून देतात तर! गोळी किंवा मरण, असे दोनच दरवाजे नव्हते, तिसराही होता आणि तो डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी उघडून दाखवला होता. इतका सोपा रस्ता असताना आपण नवऱ्याला काट्यांतून फरपटत आणलं, हे त्या बाकावर बसल्या बसल्या तिला कळलं आणि तिला रडावंसं वाटलं.

आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी नवा रिपोर्ट बघितला, जुना बघितला, पुन्हा नवा बघितला.

"काका, गोळी खरंच बंद होती ना? एखाद-दुसरी चुकून?"

"बाई, पोराबाळांची शपथ. तोंडात घेतली नाही. हिला विचारा."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. नवऱ्याने पाहिलं. तिने मान डोलावली. मान होकाराची होती की नुसतीच हलली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मग गोळी निर्दोष आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "महिनाभर बंद असूनही आकडा वाढतोय आणि शक्ती कमी होतेय, म्हणजे स्नायूंचाच एखादा आजार असू शकतो. असे आजार असतात. मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल, सोमवारची वेळ घेऊ. आणि हृदयाच्या डॉक्टरांशी मी बोललेय. गोळीचा दोष नाही तर ती तशी बंद ठेवण्यात अर्थ नाही. आजपासून पुन्हा सुरू करा."

मावशीने तोंड उघडलं.

"काकू, काही विचारायचंय?"

सगळं जिभेवर आलं होतं. शेजारी नवरा बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, आपलं काय होणार या भीतीने पांढराफटक पडलेला. ती म्हणाली, "दही चालेल ना त्यांना?"

"चालेल की," डॉक्टरबाई म्हणाल्या.

रस्त्याने परतताना तो थांबत थांबत चालत होता. एका दुकानाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "उगाच त्या गोळीला शिव्या घातल्या. बिचारी." मग थोड्या वेळाने म्हणाला, "गोळीच असती तर किती बरं झालं असतं गं." ती शेजारी उभी होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं, पण जमिनीला ती सवड नव्हती.

तिने दह्यात गोळी घालणं त्या दिवसापासून बंद केलं. आणि काय उपयोग? आता तो स्वतःच्या हाताने घेत होता. रोज रात्री जेवण झालं की डॉक्टरबाईंनी नव्याने दिलेलं पाकीट काढायचा, गोळी तळहातावर घ्यायचा आणि शहाण्या मुलासारखा पाण्याबरोबर गिळायचा. ज्या गोळीपायी महिनाभर भांडला ती आता तो बायकोला दाखवून घेत होता. "बघ, चुकवत नाही हो मी. तुला काळजी नको." तो असं म्हणाला की ती उठून भांडी घासायला लागायची. बोलावं तर चोर ठरते, न बोलावं तर मारेकरी, आणि गोळी तर रोज त्याच्या पोटात जात होती.

शुक्रवारी उंट येऊन शिडी घेऊन गेला. रंगाऱ्यानेच बोलावलं होतं.

"काही दिवस राहू दे तुझ्याकडे," रंगारी म्हणाला.

"दादा, तुम्ही बरे झालात की आणून देतो."

"आधी तुझ्या उंचीला शिडी पुरते का ते बघ," रंगारी म्हणाला आणि दोघं हसले. उंट जिन्याच्या वळणावर शिडी तिरकी करत होता, तोवर रंगारी दारात उभा राहून, "डावीकडे, अजून डावीकडे," असं सांगत होता. मग दार लावून आत आला आणि ब्रशांची पेटी उघडून बसला. एकेक ब्रशाचे केस बोटांनी सरळ करून परत ठेवत होता. बायको आत कांदा चिरत होती. रडायला तिला कांदा लागत होता अशातला भाग नव्हता, पण आडोसा म्हणून तो बरा होता.

"अगं," तो तिथूनच म्हणाला, "तुमच्या आश्रमात पुरुषांच्या बाजूला जागा असते का?"

"काहीतरीच काय बोलता?"

"नाही, विचारून ठेवलेलं बरं. निदान तिथे भरवायला तूच असशील."

त्या दिवशी दुपारपाळीला ती सिस्टरांजवळ गेली. आडून आडून विचारलं. एखादा शहाणासुरता माणूस औषध घेत नसेल, घरचा माणूस असेल, तर आपण देतो तसं द्यावं का?

सिस्टर चार्ट भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मावशी, ज्याला समजत नाही त्याच्यासाठी आपण ते करतो. ज्याला समजतं त्याला विचारायचं असतं. नाही म्हणाला तर नाही. मग त्याला समजवायचं, भांडायचं, पाया पडायचं, पण चोरून द्यायचं नाही." मग त्यांनी मान वर केली. "का हो? कोणाबद्दल विचारताय?"

"शेजारीण आहे एक," मावशी म्हणाली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, तिच्या मनात तर भर दुपार होती.

येताना तिने औषधाच्या दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या, पांढऱ्या आणि लांबट. तिच्या डोक्यात नवा बेत शिजला होता. पाकिटातल्या गोळ्या काढून या भरायच्या. तो समाधानाने गिळेल, दुखणं आपोआप उतरेल, सोमवारची तपासणी काहीतरी कारण काढून पुढे ढकलायची, आणि कोणाला कधी काही कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी तो झोपलेला पाहून ती स्वयंपाकघरात पाकीट घेऊन बसली. सुरीच्या टोकाने मागचा चंदेरी कागद उचलला. तो फाटला. दुसरा उचलला, तोही फाटला. तिने डिंक आणला. डिंकाने कागद चुरगळला आणि बोटांना चिकटून आला. तिच्या हातांनी आयुष्यात कितीतरी अवघड कामं केली होती, पण हे काम काही त्यांना साधेना. बोटांना चंदेरी तुकडे चिकटलेले आणि समोर दोन तऱ्हेच्या गोळ्या पसरलेल्या, अशी ती बसली असताना आतून हाक आली.

"अगं, जरा ये गं."

तो न्हाणीघरातल्या कमोडवर बसला होता आणि त्याला उठता येत नव्हतं. भिंतीला हात लावून त्याने दोनदा जोर केला होता, ते त्याच्या कपाळावरच्या घामावरून दिसत होतं. तिने तिचं रोजचं काम केलं. समोर उभी राहिली, पाय फाकवले, त्याच्या काखांखालून हात घातले, त्याची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकवून घेतली आणि म्हणाली, "चला, एक, दोन, तीन, उठा आजोबा!"

तो उठला. उभा राहिला आणि तसाच तिला धरून राहिला. तिच्या तोंडून काय निघून गेलं ते दोघांनाही कळलं होतं. नवरा तिच्याहून फक्त चार वर्षांनी मोठा होता.

"झालो ना आजोबा," तो म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. तो रडत होता, आवाज न करता, आणि त्याचं सगळं वजन तिच्यावर होतं.

तिने त्याला आणून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. टेबलावर सगळा पसारा तसाच होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याने डोळे पुसले, हात लांबवून पाकीट ओढलं आणि त्यातली एक गोळी तळहातावर घेतली.

"जेवण?" त्याने विचारलं. "की आधी घेऊन टाकू?"

"अहो, ती घेऊ नका."

"आता का? डॉक्टरबाईच म्हणाल्या ना, तिचा दोष नाही म्हणून."

"तिचाच दोष आहे." तिचा आवाज तिला परका वाटला. "तुम्ही महिनाभर बंद ठेवलीच नव्हती. मी देत होते. दह्यातून."

त्याला कळलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, मग टेबलावरच्या फाटक्या कागदांकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"कसली दह्यातून?"

तिने सांगितलं. सगळं, जळजळ आजींपासून ते दवाखान्यातल्या त्या मान डोलावण्यापर्यंत. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

"कशी घालायचीस?" शेवटी त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"करून दाखव."

"अहो, नको ना."

"मला बघू दे."

तिने दोन चमचे घेतले. त्याच्या तळहातावरची गोळी उचलली, एका चमच्यात ठेवली, वरून दुसरा ठेवला आणि अंगठ्याने दाबलं. बारीक आवाज झाला. चमच्यात पीठ होतं. डोळ्यांतून पाणी वाहत असताना तिच्या हातांनी ते इतकं सफाईने केलं की तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

"हुशार आहेस," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुला कळलं कधी? की खरंच गोळीनेच होतंय म्हणून?"

इथे ती खोटं बोलू शकली असती. कोणी साक्षीला नव्हतं.

"दुसऱ्या आठवड्यात."

"आणि नंतर?"

"नंतरही देत राहिले."

पहिल्या आठवड्याचं त्याला काही वाटलं नसावं, तिला तो ओळखत होता, आणि तिच्या दादाचं मरणही त्याने बघितलं होतं. पण त्या पुढच्या दिवसांपाशी तो अडकला होता. त्या दिवसांत तो टेबल धरून उठत होता, रात्री कण्हत होता, आणि ती शेजारी जागी असायची, पाय चेपून द्यायची. सगळं माहीत असताना चेपून द्यायची.

"तुम्ही जाऊ नये म्हणून हो," ती म्हणाली. "मला फक्त तुम्ही हवे होतात."

"हं."

"उद्या सकाळी मी डॉक्टरबाईंना सांगते. फोन करून नाही, तोंडावर सांगते. त्या दुसरं औषध देतील. त्या बसवाल्यांना दिलं तसं. सोमवारची ती तपासणी नको म्हणून सांगते."

"म्हणजे मला तो आजार नाही?"

"नाही हो. नसणारच."

"उतरेल हे सगळं?"

"उतरेल. थोडे दिवस लागतील, पण उतरेल."

तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो मोठमोठ्याने रडला. भीतीचं ओझं उतरल्यावर माणूस रडतो तसं ते रडणं होतं, आणि ते ऐकून तिलाही क्षणभर वाटलं की संपलं, सुटलो दोघं. तिने लगबगीने कागद, गोळ्या, चमचे सगळं एका फटक्यात गोळा करून केरात टाकलं, टेबल पुसलं, हात साबणाने धुतले. ताट वाढलं. गरम गरम वाढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"जेवून घ्या आधी. सकाळपासून नीट काही गेलं नाही पोटात."

त्याने ताटाकडे पाहिलं. भूक त्याला लागली होती, ते तिला दिसत होतं. त्याने हात पुढे केला आणि ताटाच्या कडेशी थांबवला.

"दुखणं जाईल माझं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. खरोखर अडचण पडल्यासारखा तो बोलत होता. "शिडीही परत येईल. पण आता मी जेवायचं कुणाच्या हातचं, ते सांग."

तिने त्याच्या ताटातला एक घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. चावला, गिळला, आणि मग तोंड उघडून त्याला दाखवलं.

त्याने एकही घास न घेता ताट हळूच तिच्या बाजूला सरकवलं.